लेडीज डब्यावरचा विनोद पुरुषांपुढे पडतो: मजकूर बदलायचा की प्रेक्षक?

आठ_अठ्ठावीस

मराठी स्टँडअपचा ५ मिनिटांचा मजकूर लिहून तयार आहे. दोन ठिकाणी करायचाय. आधी डोंबिवलीतल्या सोसायटीच्या कोजागिरीला (गच्ची, साधारण ८० माणसं, आजीआजोबांपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळे) आणि नंतर अंधेरीतल्या एका कॅफेच्या ओपन माइकला (नाव नोंदवून कुणीही थोडा वेळ मंचावर बोलू शकतो असा कार्यक्रम).

मजकुराचे तीन तुकडे आहेत: लेडीज डब्यातली 'कुठे उतरणार?'ची चौकशी, सासूबाईंचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आणि केमिस्टकडची पॅडची काळी पिशवी. वाचून दाखवल्यावर मैत्रिणींना तिन्ही आवडले. पुरुषमंडळींचा सूर 'बायकांचे विनोद बायकांनाच' असा.

विनोद आवडीनिवडीमुळे पडतोय की लिहिण्यात चूक आहे, हे ओळखायचं कसं? दोन्हीकडे एकच मजकूर चालेल का? सोसायटीच्या समितीची 'सगळ्यांना चालेल असं' ही अट आहे. गच्चीवर माइकचं काय करायचं, तेही सांगा.

---

पडदा_पाडा

आधी कॅफेचं बोलू, कारण तिथल्या शांततेचा लोक हमखास चुकीचा अर्थ लावतात. ओपन माइकला समोर बसलेल्यांतले बरेचसे स्वतःच्या नंबराची वाट बघणारे कॉमिक असतात, त्यातही विशीतले मुलगेच जास्त. ते मनात आपला मजकूर घोकत असतात, हसायची त्यांना फुरसत नसते. त्यामुळे तिथे ओळ पडली म्हणजे 'पुरुषांना कळली नाही' असं धरू नका. तीन वेगवेगळ्या ठिकाणी करून बघेपर्यंत कुठलीही ओळ काढू नये, आणि पक्कीही धरू नये.

रेकॉर्डिंग करा. फोन स्टेजवर नको, तिसऱ्या रांगेच्या कडेला ठेवा. स्टेजवर ठेवला की तुमचाच आवाज भरतो, हशा ऐकू येत नाही. घरी सगळं कागदावर उतरवून प्रत्येक पंचपुढे, म्हणजे हशा आणणाऱ्या ओळीपुढे, गुण लिहा. शांतता असेल तर ०, नाकातून आलेला फुसकारा १, अर्धी खोली हसली तर २, तुम्हाला बोलणं थांबवावं लागलं तर ३. कसलेले कॉमिक मिनिटाला ४ ते ६ हशे घेतात. नव्या माणसाला ३ पुरे, म्हणजे ५ मिनिटांत १५. लिहिताना ५०० शब्दांच्या वर जाऊ नका. घरी ४ मिनिटांत संपणारा मजकूर हशासकट ५ मिनिटांचा होतो. शेवटचं मिनिट उरलं की मागून मोबाइलचा टॉर्च दाखवतात. तो दिसला की नवा विषय काढायचा नाही, शेवटच्या ओळीकडे वळायचं.

आता तुमचा मूळ प्रश्न. हशा नुसता किती आला ते बघू नका, कुठून आणि कधी आला ते बघा. फक्त बायका हसल्या आणि पुरुष कोऱ्या चेहऱ्याने बघत राहिले, तर माहिती कमी पडली आहे. सगळ्यांकडून 'ओह' आलं, तर रोख चुकलाय. सगळे हसले पण एक क्षण उशिरा, तर वाक्याची रचना चुकलीय. पहिल्या पंचला हसू आलं आणि पुढच्या दोन ओळी थंड गेल्या, तर तुम्ही विनोद समजावून सांगताय. आणि माहिती पोचली, रोख बरोबर, रचना नीट, तरीही तीन ठिकाणी निम्मी माणसं गप्प राहिली, तर मात्र तो आवडीनिवडीचा मामला. असे विनोद निघतात, पण लोक समजतात त्याहून बरेच कमी.

लेडीज डब्याचा तुकडा पहिल्या प्रकारातला वाटतो. 'कुठे उतरणार?' हा प्रश्न का विचारतात, हेच ज्याला ठाऊक नाही तो हसणार कशावर? जनरल डब्यातही जागेची चौकशी होते, पण लेडीज डब्यात तिला पद्धतच आहे: चढल्याचढल्या बसलेल्या प्रत्येकीला विचारायचं आणि जी लवकर उतरणार तिची जागा तोंडी राखून ठेवायची. एवढं दोन वाक्यांत सांगून टाका आणि मग सगळ्यांच्या घरात असलेल्या एखाद्या गोष्टीला ते जोडा. उदाहरणार्थ:

'सीएसएमटीहून कल्याण गाडी. लेडीज डब्यात चढलं की बसलेल्या प्रत्येकीला विचारायचं, कुठे उतरणार? जी उतरेल तिची जागा तुमची. कल्याण. कल्याण. डोंबिवली. आणि एक म्हणते, घाटकोपर. अख्ख्या डब्यातलं सर्वांत चांगलं स्थळ! पण चौकशी केली की कळतं, तिचं आधीच ठरलंय.'

इथे लोकलची माहिती दोन वाक्यांत संपली आणि हशा 'स्थळ' आणि 'ठरलंय'वर आला. ते सत्तरीच्या आजोबांना कळतं आणि लोकलने कधी न गेलेल्या नागपूरच्या पाहुण्यालाही. विषय बायकांचाच राहिला, बदललं फक्त त्यात शिरायचं दार.

रचनेचं म्हणाल तर मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि पंचचा शब्द त्याच्या आधी अडकून बसतो. 'सासूबाई मला शेजारच्या खोलीतून गुड मॉर्निंग पाठवतात' या वाक्यात गंमत 'शेजारच्या खोलीतून'मध्ये आहे आणि तुम्ही तिच्यानंतरही बोलत राहता. हसायला निघालेला माणूस थांबून पुढचं ऐकतो, हशा विरतो. उलटं करा: 'सासूबाईंचा रोज सकाळी ६ ला मेसेज येतो. गुलाब. सूर्य. दूर असलो तरी मनाने जवळ. शेजारच्या खोलीतून.' क्रियापद पहिल्याच वाक्यात उरकलं, शेवट मोकळा. प्रत्येक पंचला हीच तपासणी करा: हसू आणणाऱ्या शब्दानंतर 'असतं', 'केलं', 'म्हणाली' असं काही शिल्लक राहिलंय का?

---

नसती_उठाठेव

वरच्या प्रतिसादातली तांत्रिक बाजू मान्य. पण 'आवडीनिवडीचा मामला कमी' हे काही पटलं नाही. सोसायटीच्या गच्चीवरचा साठीचा प्रेक्षक 'मी' म्हणून स्वतःच्या आयुष्याबद्दल बोलणाऱ्या माणसाला सरावलेलाच नाही. तो पात्रांवर वाढलाय. निर्मिती सावंतांची गंगूबाई, विशाखा सुभेदार आणि नम्रता संभेराव यांची हास्यजत्रेतली पात्रं, यांवर तो पोट धरून हसतो. तीच गोष्ट एखादी बाई जीन्स घालून 'मला असं वाटतं' म्हणून सांगू लागली की त्याला ती तक्रार वाटते. हे मागासलेपण नव्हे, ही विनोदाची वेगळी सवय आहे. एकपात्रीची सवय म्हणा हवं तर.

तेव्हा गच्चीसाठी सासूबाईंचा तुकडा सांगू नका, करून दाखवा. चष्मा कपाळावर, फोन हातभर लांब, एका बोटाने टायपिंग, आणि 'फॉरवर्ड' दाबताना मान आपोआप पुढे. १५ ते २० सेकंद शब्दच नको. कॅफेत मात्र हेच ५ सेकंदांवर आणा. तिथल्या पोरांना ओळ हवी असते, लांबलेलं सोंग त्यांना शाळेच्या स्नेहसंमेलनासारखं वाटतं.

आणि त्या काळ्या पिशवीबद्दल स्पष्ट बोलतो. विषयाला माझी ना नाही. पण वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घालणारा केमिस्ट आता इतक्या मंचांवरून गेलाय की पहिल्या वाक्यालाच शेवट दिसतो. पुरुष कॉमिकांचं 'लग्नानंतर बोलती बंद' जितकं शिळं तितकंच हे. मग बाई बोअर करते असा शिक्का बसतो, दोष असतो शिळ्या कोनाचा.

---

वरणफळ

काळ्या पिशवीबद्दल +१. विषयावर पहिल्या दहा मिनिटांत सुचेल ते सगळं लिहा आणि त्यावर काट मारा. ते इतरांनाही सुचलेलं असतं. अकरावं जे सुचेल तिथून सुरुवात.

---

संदर्भ_हवाच

'बायका विनोदी नसतात' हे कुणी गच्चीवर म्हणालंच तर हाताशी असावं म्हणून थोडं.

लेखक ख्रिस्तोफर हिचन्स यांनी २००७ मध्ये व्हॅनिटी फेअर या अमेरिकन मासिकात याच अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला आणि वाद पेटला. त्यानंतर अमेरिकेत एक प्रयोग झाला. न्यूयॉर्कर साप्ताहिकातल्या व्यंगचित्रांना स्त्रीपुरुषांनी ओळी लिहायच्या आणि कुणी लिहिल्या ते न सांगता इतरांनी गुण द्यायचे. पुरुषांच्या ओळी सरस ठरल्या, पण ५ पैकी ०.११ गुणांनी. हा फरक खोलीत बसून जाणवण्याइतका नाही. खरी गंमत पुढे आहे. नंतर आठवून सांगताना लोकांनी चांगल्या ओळी पुरुषांच्या नावावर टाकल्या. म्हणजे हसून झाल्यावरही श्रेय कुठे जातं, हा वेगळाच प्रश्न. इतर अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षांत फरक याहून मोठा दिसतो, तोही पुरुषांच्या बाजूने, हे लपवायचं कारण नाही. पण तो सरासरीचा फरक आहे. सरासरीवरून तुमच्या ५ मिनिटांचं काही ठरत नाही.

आपल्याकडे बायकांचा विनोद होताच, फक्त तिकीट लावून नव्हता. भोंडल्यातलं वेड्या नवऱ्याचं गाणं घ्या. बायको एकेक पदार्थ करते, नवरा डोकावतो आणि प्रत्येक पदार्थ भलतंच काहीतरी समजून भलत्याच कामाला लावतो. साचा एकच, कडव्यागणिक नवा पदार्थ आणि नवी चूक. आजच्या भाषेत एक सेटअप (विनोदाची आधीची मांडणी) आणि पाठोपाठ सहा पंच. पुरुष ते ऐकायला नसायचे, त्यामुळे 'आमच्या बायकांना विनोद कळत नाही' म्हणायला ते मोकळे. आणि चारचौघांत, तमाशाच्या गवळणीत, चावट बोलणारी 'मावशी' बहुधा पुरुषच रंगवायचा. तीच रीत दूरचित्रवाणीवर 'चला हवा येऊ द्या'पर्यंत आली. बाईच्या तोंडचा विनोद चालतो, फक्त लुगड्याआड पुरुष लागतो, असं बराच काळ होतं.

नसती_उठाठेव यांचा पात्राचा मुद्दा मात्र तरुण कॉमिकांनाही लागू आहे. अदिती मित्तल यांची डॉ. मिसेस लुटचुके बघा. लैंगिक प्रश्नांवर सल्ला देणारी ही वयस्क बाई जे बोलते ते तरुण मुलीने स्वतःच्या नावावर बोललं असतं तर निम्मा प्रेक्षक आक्रसला असता. वय आणि सोंग दोन्ही ढाल होतात. उलट बाजूला उरूज अश्फाक. त्यांना २०२३ मध्ये एडिनबरा कॉमेडी अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम नवोदितचा पुरस्कार मिळाला, तो बिनसोंगाच्या, 'मी'च्या विनोदावर. आणि चार जणींच्या चार तऱ्हा एका बैठकीत बघायच्या तर नेटफ्लिक्सवरची २०२० ची 'लेडीज अप' ही स्टँडअप मालिका आहे. कनीझ सुरका, प्रशस्ती सिंग, निवेदिता प्रकाशम आणि सुप्रिया जोशी. चौघी तुम्हाला सारख्याच आवडल्या तर मला कळवा. 'बायकांचा विनोद' असा एकच डबा नाही, हे तिथे अर्ध्या तासात कळतं.

---

आठ_अठ्ठावीस

खूप उपयोगी, सगळ्यांचे आभार. काळी पिशवी काढली. 'स्थळ' चोरू का? दोन शंका उरतात. गच्चीवर सासूबाई स्वतः पहिल्या रांगेत असणार. आणि मध्येच बोलणारे एक काका आहेत, ते दर कार्यक्रमात बोलतात.

---

पडदा_पाडा

'स्थळ' घ्या खुशाल. पण दुसऱ्याच्या ओळीवर हशा आला तर सवय लागते, म्हणून त्याच साच्यात पुढच्या दोन ओळी स्वतःच्या जोडा. पत्रिका, मानपान, 'मुलीकडचे विचार करून कळवतील' असं बरंच शिल्लक आहे.

सासूबाई समोर असल्या की अडचण त्यांच्यापेक्षा इतर सुनांची होते. शेजारी स्वतःची सासू बसलेली असताना सून मोकळी हसत नाही. आधी बाजूला नजर टाकते, मग हसते, तोवर तुम्ही पुढच्या ओळीवर. म्हणून गच्चीवर या तुकड्यात पंचनंतर नेहमीपेक्षा अर्धा-एक सेकंद जास्त थांबा. आणि रोख फिरवा: शेवटच्या ओळीत तुम्हीच सापडायला हव्यात. सासूबाई शेजारच्या खोलीतून मेसेज पाठवतात, ठीक. पण तुम्ही त्याला उत्तर कुठून देता? त्याच खोलीतून, त्यांच्या मागे उभं राहून? असं काही. हसायची परवानगी मग सासूलाही मिळते.

दुसरा मार्ग म्हणजे माणूसच बनावट घ्यायचा. अमेरिकन कॉमिक फिलिस डिलर १९५५ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबात उभी राहिली आणि पुढे आयुष्यभर 'फँग' नावाच्या नवऱ्याची टिंगल करत राहिली. फँग हे पात्र होतं. तुम्ही 'समोरच्या बिल्डिंगमधल्या लेलेकाकू' काढा. फक्त सोसायटीत खऱ्या लेले नाहीत ना, हे नावांच्या पाटीवर बघून घ्या.

आता काका. ते जे बोलले ते माइकवर पुन्हा म्हणा, कारण मागच्या रांगांना ऐकूच आलेलं नसतं. त्यात तुम्हाला विचार करायला ३ सेकंद मिळतात आणि काकांना आपलं वाक्य परत ऐकावं लागतं. मग एकच उत्तर आणि लगेच मजकुरावर परत. दुसऱ्यांदा बोलले तर नुसतं हसून पुढे जा. बायका कॉमिक असल्या की मंचाखालून येणारी वाक्यं तीनचारच असतात: लग्न झालंय का, नवरा बघायला आलाय का, स्वयंपाक येतो का. उत्तरं घरून लिहून न्या. 'स्वयंपाक येतो का?' ला 'येतो काका, पण तिथे टाळ्या मिळत नाहीत' हे पुरतं. कॅफेत जे तिखट उत्तर चालतं ते इथे वापरू नका. काका उद्या लिफ्टमध्ये भेटणार आहेत, आणि बहुधा खजिनदार असतात.

निवेदकाला दोन ओळींची चिठ्ठी आधी द्या: नाव, आणि 'आता पाच मिनिटं स्टँडअप'. तसं नाही केलं तर 'आपल्या लाडक्या सूनबाई, दिसायलाही छान आणि बोलायलाही' अशी ओळख होते. ती पुसून काढण्यात पहिली ४० सेकंद जातात. 'लेडी कॉमेडियन' हेही नको. त्यामुळे प्रेक्षक हातांची घडी घालून परीक्षकासारखे बसतात.

---

कुईकुई_बंद

माइकचं मी सांगतो, कारण गच्चीवर निम्मे विनोद आवाजाने मरतात आणि नाव येतं कॉमिकवर.

कॉलरचा माइक घेऊ नका. साडी असो की कुर्ता, त्याचा ट्रान्समीटर अडकवायला ना खिसा ना पट्टा. पदर, ओढणी, मंगळसूत्र घासून खरखर होते ती वेगळी. हातातला साधा डायनॅमिक माइक मागवा, शुअर एसएम५८ किंवा त्याच जातीचा. ओठांपासून दोन-तीन बोटं अंतर. जाळीवर मूठ आवळून धरायचा नाही, त्याने माइकची दिशा बिघडते आणि कुईऽऽ सुरू होते. पात्र करताना ओरडणार असाल तर तेवढ्यापुरता वीतभर लांब न्या, कुजबुजताना जवळ. गच्चीवर वारा असतो, म्हणून स्पंजची टोपी लागतेच. वायरलेस असेल तर सेल नवे घाला, आरतीला वापरलेले नकोत.

ऑपरेटरला सांगा की १०० ते १२० हर्ट्झच्या खालचं कापून टाक. बाईच्या आवाजाचा पाया साधारण १६५ हर्ट्झच्या वर असतो, त्यामुळे काही हरवत नाही, उलट वाऱ्याचा आणि पावलांचा धबधब जातो. आधी काकांनी भाषण केलेलं असतं, त्यांच्यासाठी लावलेली बटणं तशीच राहतात आणि मग तुमचा आवाज टोचतो. टोचला तर ऑपरेटर सगळाच आवाज कमी करतो, ते चुकीचं. ३ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपास थोडं कमी करायला सांगा, तेवढंच. आवाजाची चाचणी 'हॅलो चेक'वर नको, खऱ्या मजकुरातली सर्वांत मोठी आणि सर्वांत हळू ओळ म्हणून करा.

स्टँड आधीच्या माणसाच्या उंचीवर असतो. मधली कडी सैल कशी होते ते कार्यक्रमाआधी एकदा करून बघा. वर गेलात की आधी माइक काढा, मग स्टँड उचलून मागे ठेवा. समोर राहिला तर नकळत त्याच्याआड उभं राहिलं जातं.

गच्चीला छत नाही, म्हणून हशा वर उडून जातो. ८० माणसं हसली तरी २० जणांइतकं ऐकू येतं आणि नवा माणूस घाबरून वेग वाढवतो. त्यावर उपाय बसण्याच्या व्यवस्थेत आहे. खुर्च्या खेटून, पहिली रांग तुमच्यापासून जेमतेम दीड मीटरवर, मागे पाण्याच्या टाकीची किंवा जिन्याच्या खोलीची भिंत येईल असं बघा. कठड्याला टेकून विखरून बसू देऊ नका. दोन मोठे स्पीकर ढणाणा लावण्यापेक्षा चार लहान, कानाच्या उंचीवर, तुमच्या पुढे. मागे गेले की कुई. दिवे तुमच्यावर ठेवा, प्रेक्षकांवर अंधार. उजेडात माणूस हसण्याआधी शेजारी बघतो.

---

आठ_अठ्ठावीस

समितीने वेळ विचारलीय. बालनृत्य, सोडत, दूध आणि मी. कुठे बसवू?

---

कुईकुई_बंद

बालनृत्यानंतर लगेच. तेव्हा आईबाप समोर असतात आणि जागा भरलेली असते. सोडतीच्या आधीच करा. बक्षिसं वाटून झाली की निम्मी गच्ची खाली उतरते. उघड्यावर रात्री १० ला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, तेव्हा ९ वाजून २० मिनिटांच्या पुढे तुमचा नंबर जाऊ देऊ नका. बालनृत्यं नेहमी लांबतात.

दूध शेवटी. आणि ग्लास भरून ठेवायचेच असतील तर जिन्याच्या खोलीत ठेवा. पातेलं गच्चीच्या मध्यावर आलं की त्याभोवती मुलं जमतात, मुलांना आवरायला आया उठतात आणि पहिल्या दोन रांगा रिकाम्या होतात.